स्वूप शिकायला कॅनॉपी घेताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता मामेभावाचा दुबईहून फोन आला. "दादा, एकशेवीसची क्रॉस-ब्रेस्ड मिळतेय, निम्म्या किमतीत. घेऊन टाकू का? स्वूप शिकायचाय." कॅनॉपी म्हणजे पॅराशूटचं छत, एकशेवीस म्हणजे तिचे चौरस फूट, आणि क्रॉस-ब्रेस्ड हा फार वेगवान प्रकार. विमानातून पॅराशूटने मारलेल्या त्याच्या उड्या झाल्यात १८०, वजन ७८ किलो. मी नको म्हणालो, पण त्याला ते पटलं नाही. तिथे तो रोज चांगल्या स्वूपरना जमिनीला घासून सुसाट जाताना बघतो, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर लहान कॅनॉप्या असतात. फोनवर नीट सांगता आलं नाही, ते सगळं इथे लिहितोय. मराठीत यावर फारसं वाचायला मिळत नाही, आणि आखातात, युरोपात राहून उड्या मारणारी आपली मुलं आता बरीच आहेत.

मी दापोली तालुक्यातला, बोटीवर इंजिनिअर आहे. दोन काँट्रॅक्टच्या मधली सुट्टी निम्मी घरी जाते, निम्मी ड्रॉपझोनवर, म्हणजे जिथे या उड्या मारतात तिथे. स्वूप म्हणजे काय, ते नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. उतरताना पुढचा रायझर (कॅनॉपीच्या दोऱ्या अंगावरच्या हार्नेसला जोडणारा पट्टा) ओढून वळण घ्यायचं, त्या वळणात कॅनॉपी खाली सूर मारते, वेग वाढतो, आणि मग ती सरळ झाली की तो वेग वापरत जमिनीलगत लांबपर्यंत जायचं. दिसायला फार सुंदर दिसतं. गणित फूटभर चुकलं तर माणूस जायबंदी होतो, आणि डोक्यावर उत्तम उघडलेली, धडधाकट कॅनॉपी असताना जीवही जातो.

शिकायला लहान कॅनॉपी लागते, हा समज

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

साधारण २३० उड्या झाल्यावर मी १७० वरून थेट १३५ वर आलो. तेव्हा माझं वजन ८० किलो आणि सगळी रिग (पाठीवरची बॅग, हार्नेस आणि आतली पॅराशूट), हेल्मेट, कपडे मिळून १२, म्हणजे एकूण ९२ किलो. पाउंडात २०३. त्याला कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागलं की विंग लोडिंग निघतं. १७० वर ते १.१९ होतं, १३५ वर १.५ झालं. पहिल्या तीसेक उड्या छान गेल्या. मग एकदा विमानातून बाहेर पडायला उशीर झाला, नेहमीच्या मैदानापर्यंत पोचता येईना, म्हणून नांगरलेल्या एका शेतात उतरायला निघालो. खाली आल्यावर विजेची तार दिसली. घाबरून एक टॉगल (वळायला आणि ब्रेक लावायला ओढायची मूठ) जोरात ओढला. कॅनॉपीने सूर मारला आणि मी वळणातच जमिनीवर आदळलो. घोटा दोन ठिकाणी मोडला. आठ महिने मेडिकल अनफिट, हातातलं बोटीवरचं काँट्रॅक्ट गेलं. घरी आई रोज पायाला तेल लावताना काही बोलायची नाही, त्याचं जास्त वाईट वाटायचं.

तिथे मला हवं होतं ते सपाट वळण: दोन्ही टॉगल थोडे खाली घेऊन, मग एक किंचित सोडून, उंची जवळपास न घालवता दिशा बदलणं. १७० वर मला ते येत होतं. १३५ वर मी ते एकदाही करून पाहिलं नव्हतं, कारण सगळं लक्ष वेगावर होतं. कॅनॉपीचा आकार ठरवायचा तो असल्या वाईट दिवसाच्या हिशेबाने. वारा छान समोरून आहे, मैदान मोकळं आहे, अशा दिवशी कुठलीही कॅनॉपी चालते.

विहिरीत पोहायला शिकताना आपल्याकडे पोरांच्या पाठीला आधी सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात. हात-पाय नीट चालायला लागले की तो सुटतो. स्वूपमध्येही आहे ती मोठी, ओळखीची कॅनॉपी हाच तो डबा. तिच्यावर आधी दोन्ही पुढचे रायझर ओढून सरळ उतरायला शिका, तेही आधी वर, हजार फुटांवर, आणि मग कोचसमोर खाली. मग नव्वद अंशाचं हळू, रुंद वळण. मागच्या रायझरने फ्लेअर (उतरताना शेवटी वेग मारणं) करताना कॅनॉपी कुठे स्टॉल होते, म्हणजे उडायची थांबून कोसळते, हेही वर असतानाच कळलं पाहिजे. आडव्या वाऱ्यात उतरणं, अर्ध्या ब्रेकमध्ये उतरणं, पन्नास फुटांवर सपाट वळण, ठरवलेल्या जागेपासून दहा मीटरच्या आत उतरणं, हे सगळं पुन्हा पुन्हा जमायला लागलं की पुढच्या साइझचा विचार करा. जमत नसेल तर पाचशे उड्या झाल्या तरी थांबा.

मित्राचं विंग लोडिंग उचलणं

"तो १.३४ वर उडतो, मग मीही उडेन." हे वाक्य मी मुलींच्या तोंडूनही ऐकलंय, आणि धोका त्यांनाच जास्त असतो. नव्वद किलोच्या माणसाचं रिगसह वजन १०३ किलो, म्हणजे २२७ पाउंड. १७० च्या कॅनॉपीवर १.३४. पंचावन्न किलोच्या मुलीचं रिगसह ६५, म्हणजे १४३ पाउंड. १०७ च्या कॅनॉपीवर तेही १.३४. आकडा एकच, पण कॅनॉप्या दोन वेगळ्या. लहान कॅनॉपीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे माणूस तिच्याखाली पटकन झोके खातो, ती टॉगलला झटक्याने वळते आणि वळणात उंची झपाट्याने घालवते. वजन कमी असलेल्यांनी आपलं लोडिंग इतरांपेक्षा खालीच ठेवावं.

ब्रायन जर्मेन या अमेरिकन कॅनॉपी पायलटचा एक ठोकताळा जगभर वापरला जातो: पहिल्या शंभर उड्यांपर्यंत १.०, आणि पुढे दर शंभर उड्यांमागे ०.१ ची वाढ. ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही. लहान आकारांना आणि उंचावरच्या मैदानांना ती आणखी खाली आणावी लागते. मामेभावाचा हिशेब करा: ९० किलो म्हणजे १९८ पाउंड, १२० ने भागले तर १.६५. ठोकताळा त्याला १.२ च्याही आत ठेवतो.

आकार बघितला, स्वभाव नाही

दोन कॅनॉप्यांचे चौरस फूट सारखे असले तरी त्या सारख्या नसतात. स्वूपसाठी विचारायचा मुख्य प्रश्न हा: सूर मारल्यावर तुम्ही काहीच केलं नाही, तर ती स्वतःहून सरळ व्हायला किती उंची घेते? याला रिकव्हरी आर्क म्हणतात. परफॉर्मन्स डिझाइन्सची जुनी स्टिलेटो पूर्ण एलिप्टिकल (टोकांकडे निमुळती) आहे, पटकन वळते आणि पटकन सरळ होते. ऐकायला हे सुरक्षित वाटतं. पण आर्क आखूड असली की वेग टिकवायला वळण खाली सुरू करावं लागतं, आणि खाली विचार करायला वेळ उरत नाही. त्याच कंपनीची कटाना उलट: पुढचे रायझर हलके, सूर लांब आणि खोल. तिचा वेग नवशिक्याला झेपत नाही.

म्हणून मधली वाट. अर्ध-एलिप्टिकल, नऊ सेलची (हवा भरणाऱ्या कप्प्यांची) सेबर २ किंवा तिच्यासारखी कॅनॉपी, लोडिंग १.२ ते १.३ च्या आसपास, आणि तिच्यावर किमान दोन-तीनशे स्वूप. कोच बहुतेक इथूनच सुरुवात करायला लावतात, आणि मला ते पूर्ण पटतं. क्रॉस-ब्रेस्ड कॅनॉपीच्या सेलच्या आत तिरक्या जास्तीच्या पट्ट्या असतात, त्यामुळे पंख ताठ राहतो आणि वेग टिकतो. ती काही हजार उड्या झालेल्यांसाठी आहे. शिवाय एलिप्टिकल कॅनॉपीला उघडताना दोऱ्यांचा पीळ बसला तर ती गरगर फिरू लागते, आणि निर्णयाला दोन-चार सेकंदच मिळतात. स्वूप खाली होतो, पण हा धोका वर, उघडतानाच सुरू होतो.

दोष कॅनॉपीचा समजून ती बदलणं

"माझी कॅनॉपी स्वूपला चालत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची कॅनॉपी ठीक असते.

*पुढचे रायझर ओढले की कॅनॉपी घोड्यासारखी उसळते.* बहुतेक वेळा ब्रेकच्या दोऱ्या आखूड झालेल्या असतात. रायझर खाली येतो, दोरी ताणली जाते, मागची कड खाली खेचली जाते आणि कॅनॉपी धक्के देते. वर असताना रायझर पूर्ण ओढा आणि मागच्या कडेकडे बघा. ती वाकलेली दिसली तर रिगरकडून (पॅराशूट दुरुस्त करणाऱ्याकडून) दोऱ्या थोड्या लांब करून घ्या. मायक्रोलाइनच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून घसरत खाली येणाऱ्या कापडाच्या) घर्षणाच्या उष्णतेने आक्रसतात, बाहेरच्या जास्त, त्यामुळे चारशे उड्या झालेल्या दोऱ्यांच्या संचावर हे हमखास होतं. व्हेक्ट्रन आणि एचएमए प्रकारच्या दोऱ्या आक्रसत नाहीत, पण झिजल्या की अचानक तुटतात.

*रायझर इतके जड की ओढवतच नाहीत.* वेगात असताना ते जड असणारच. वळणाआधी काही सेकंद ब्रेकमध्ये हळू उडा, ब्रेक सोडा आणि लगेच रायझर घ्या. त्या क्षणी ते हलके असतात. रायझरवर शिवलेले लूप असतील तर पकडही चांगली बसते.

*दर वेळी शेवटी टॉगल खोल ओढून स्वतःला वाचवावं लागतंय.* तुम्ही खाली वळताय. कॅनॉपी बदलू नका, वळणाची उंची वाढवा. आणि खरंच खाली सापडलात तर रायझर सोडून टॉगल वापरा. तिथे मागच्या रायझरची कसरत केली तर वेगात स्टॉल होतो.

*जमिनीच्या बरीच वर सरळ होतेय.* हा चांगला दोष आहे. डिजिटल अल्टिमीटरवर वळणाची उंची वाचा, वहीत लिहा, आणि पुढच्या वेळी थोडीशीच कमी करा. अंदाजाने दोनशे फूट खाली उतरू नका.

उष्ण हवा आणि आडोशाचा वारा

हे मी दापोलीत घरी असताना जास्त समजलो. ओहोटीला कर्द्याच्या पुळणीवर कॅनॉपी उभी करून सराव करतो. दुपारी दोननंतर खारा वारा धरतो, समुद्रावरून सलग आणि स्वच्छ येतो, आणि कॅनॉपी डोक्यावर शांत उभी राहते. सकाळी मतलई असताना तीच पुळण सुरूच्या बनाच्या आडोशाला येते. मग कॅनॉपी एका बाजूने कोसळते, पुन्हा भरते, पुन्हा कोसळते. झाडाच्या उंचीच्या दहा ते वीसपट अंतरापर्यंत असा खवळलेला वारा असू शकतो. बारा मीटरच्या सुरूमागे दीड-दोनशे मीटर. तिथे माणसाने स्वूप मारला असता तर काय झालं असतं, हे डोळ्यांना दिसतं. हँगर, इमारती आणि झाडांच्या रांगेमागेही हेच होतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. समुद्रसपाटीला पारा ३४ अंशांवर असेल तर हवा इतकी विरळ होते की कॅनॉपी दोन हजार फुटांहून उंच जागी असल्यासारखी उडते. वेग तीन-चार टक्क्यांनी वाढतो आणि सूर लांबतो. स्पेनमध्ये थंडीत ठरवलेली वळणाची उंची दुबईच्या उन्हात तशीच वापरू नका.

स्वस्तात पूर्ण रिग

लहान कॅनॉपीसोबत येणारा कंटेनर (पाठीवरची बॅग) लहान असतो, आणि त्यातला रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूटही, लहान. मामेभावाला दाखवलेल्या रिगमध्ये ११३ चा रिझर्व्ह होता. त्याच्या वजनाला त्यावर १.७५ लोडिंग होतं. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली आणि एएडीने (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राने) रिझर्व्ह उघडला, तर त्या वेगाने, कुणीही फ्लेअर न करता, तो जमिनीवर येणार. १४३ वर तेच १.४ च्या आत राहतं. मेन (मुख्य कॅनॉपी) कितीही लहान घ्या, रिझर्व्ह मोठा घ्या.

एएडीचा मोडही विचारा. सायप्रेस या एएडीचं एक्स्पर्ट मॉडेल साधारण २२५ मीटरच्या खाली, सेकंदाला ३५ मीटरहून जास्त वेगाने पडत असाल तर रिझर्व्ह उघडतं. लहान कॅनॉपी जोरदार वळणात तो वेग गाठू शकते. म्हणून स्वूपरसाठी सेकंदाला ४६ मीटरचा वेगळा स्पीड मोड असतो. शिकाऊ कॅनॉपीवर हा प्रश्न येत नाही, पण दुसऱ्याची रिग घेताना आत काय आहे ते माहीत हवं.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी: पुळणीवर सराव करायला जुनी कॅनॉपी वापरा, उडायची नको. वाळूचे कण दोऱ्यांत शिरून आतून कापतात. खारं पाणी लागलंच तर त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, कारण ऊन नायलॉनला खातं. पावसाळ्यात रिग घरात कोंदट कपाटात ठेवली तर स्लायडरच्या कड्यांवर गंज चढू शकतो, आणि त्या खरबरीत कडा दर उघडण्याला दोऱ्या कापतात. जुनी कॅनॉपी विकत घेताना आधी या कड्यांवरून बोट फिरवून बघा, मग कापडाकडे वळा.

मामेभावाने ती १२० सोडून दिली. सध्या त्याच्याकडे भाड्याची १७० आहे. परवा त्याने व्हिडिओ पाठवला: वारा आडवा, दोन्ही पुढचे रायझर ओढून सरळ उतरतोय, जमिनीच्या बरंच वर सरळ होतोय, आणि ठरवलेल्या खुणेपासून चाळीस मीटर लांब उतरतोय. मी त्याला लिहिलं की उंची आहे तीच ठेव, आधी ते चाळीस मीटर दहावर आण.