चित्रांचा गठ्ठा दुकानात आणण्याआधी

कोल्हापुरात माझं फ्रेमांचं दुकान आहे. दिवाळी झाली, शाहू स्मारकच्या कलादालनाच्या तारखा मिळाल्या की पोरं-पोरी गठ्ठे घेऊन येतात. “मामा, सोमवारी उद्घाटन हाय. शनवारपतुर देताय न्हवं?” दोन दिवसांत पंचवीस फ्रेमा होतात, पण मग त्या दोन दिवसांत केल्यासारख्याच दिसतात. निदान महिनाभर आधी या. आणि येण्याआधी थोडं काम तुम्हीच उरकायचं असतं, ते सांगतो.

आधी टेप घेऊन दालनात जा. भिंत मोजा, चित्र कशावर टांगतात ते बघा. मग चित्रं निवडा. हिशेब सोपा आहे. अर्ध्या इम्पीरियल कागदावरचं आडवं चित्र 22 इंच रुंद. दोन्हीकडे तीन-तीन इंच माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, आणि फ्रेमेची एकेक इंचाची पट्टी धरली की फ्रेम झाली 30 इंचांची. वीस फुटी भिंत म्हणजे 240 इंच. सहा फ्रेमा बसतात, पण उरलेले 60 इंच सात जागांत वाटायचे, म्हणजे मध्ये जेमतेम साडेआठ इंच. पाचच लावा, प्रत्येक फ्रेमेच्या दोन्ही बाजूंना 15 इंच मोकळे मिळतात. सहावं चित्र घरी ठेवायचं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. तरी ठेवा.

निवडलेल्या चित्रांचे फोटो काच बसायच्या आधी काढून घ्या. नंतर फोटोत चित्राबरोबर तुमचं तोंड आणि ट्यूबलाइटही येते. सही तपासा. माउंट कडेचा पाव इंच तरी झाकतो आणि अगदी काठावर केलेली सही त्याखाली जाते. मग “मामा, माउंट जरा सरकवा की” सुरू होतं, आणि चित्र एका बाजूला कललेलं दिसतं.

आता पैशाचं. नवखे चित्रकार पट्टीवर खर्च करतात, सोनेरी नक्षी मागतात, आणि माउंट-बॅकिंगला “साधंच घाला” म्हणतात. माझं उलट म्हणणं आहे. पट्टी साधी, अरुंद, सगळ्या चित्रांना एकच घ्या. पैसा आत घाला. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं, आणि माउंटच्या कापलेल्या कडेलगत चित्रावर तपकिरी रेघ उमटते. ती काही पुसली जात नाही. म्हणून माउंट आम्लमुक्त, आणि चित्राच्या पाठीला लागणारा पुठ्ठाही आम्लमुक्त. हार्डबोर्ड त्याच्या मागे.

चित्र माउंटला सेलोटेपनं चिकटवून आणू नका. टेप पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी टांगायचं, बाकी कागद मोकळा सोडायचा. पावसाळ्यात तो फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारी बाजूंनी जखडला तर लाटा येतात. पट्ट्यांना गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतात. बाइंडर लोक खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, ती खळ चित्राला नको. तांब्यानं कागद ठिसूळ होतो.

काचेला चित्र कधीच टेकता कामा नये. आपल्याकडच्या दमट हवेत काचेच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि टेकलेल्या जागी बुरशी येते. माउंटचा खरा उपयोग हा, शोभा नंतर. पेस्टल किंवा पावडर शेडिंग, म्हणजे रंगाच्या भुकटीचं काम, असेल तर अंतर आणखी वाढवायला सांगा, आणि काचेऐवजी ॲक्रिलिक शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, अजिबात घालू देऊ नका. पुसताना तिच्यात वीज तयार होते आणि भुकटी ओढून घेते. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जाऊन पावडर शेडिंगची कामं बघा, म्हणजे असली नाजूक भुकटी जपायची म्हणजे काय ते कळेल. बाकी जलरंगांना, विशेषतः मुंबईला गाडीनं पाठवायचं असेल तर, ॲक्रिलिक शीट हलकी आणि फुटण्याची भीती कमी.

तैलरंगाला काच लागत नाही. हाताला वाळलेलं दिसलं म्हणून शेवटचं वार्निश मारू नका. त्याला सहा महिने-वर्ष द्यावं लागतं. तोवर रिटच वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या वार्निशचा, पातळ हात पुरे. कॅनव्हास सैल पडला असेल तर चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोका.

मागच्या बाजूला डी-रिंग, म्हणजे दोरी बांधायच्या कड्या, वरून साधारण एकतृतीयांशावर लागतात, सगळ्या फ्रेमांना एकाच मापात. तिथं प्रत्येकाची दोरी वेगळी निघाली की उद्घाटनाच्या आदल्या रात्री भांडणं होतात. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावून घ्या. फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागून हवा फिरते. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर धरा. फ्रेमा लहानमोठ्या असल्या तरी मध्य तोच. पाठीवर नाव, माध्यम, माप, साल आणि यादीतला क्रमांक लिहिलेला कागद फ्रेम करतानाच चिकटवून घ्या. किंमत फ्रेमेसकट ठरवा, गिऱ्हाइकापुढे बेरीज करत बसू नका.

नेताना दोन-दोन फ्रेमा तोंडाला तोंड लावून, मध्ये पुठ्ठा घालून बांधा. कॅनव्हासला बबल रॅप थेट लावू नका, विशेषतः ॲक्रिलिक रंगाला. उन्हात गाडी तापली की रंग मऊ होतो आणि फुग्यांची नक्षी उमटते. गाडीत सगळं उभं ठेवा, आडवं रचू नका.

बरोबर पिशवीत टेप, लेव्हल, पक्कड, जादा नायलॉन दोरी आणि दोन सुती फडकी असू द्या. काच पुसायचा स्प्रे फडक्यावर मारा, काचेवर नाही. ओघळ खाली पट्टीत उतरतो आणि माउंट तो पिऊन घेतो.