आवाज ओठांपासून सुटतो तेव्हा: लघुपटाचं सिंक कसं सांभाळावं

चित्र मोबाइलवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, अशा पद्धतीने केलेल्या लघुपटांत सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, कसा राखायचा याबद्दल हे लिहिते आहे. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर होता, मोबाइलही स्वतः आवाज रेकॉर्ड करत होता आणि रशेसची (चित्रित केलेल्या कच्च्या फाइल्सची) दुसरी प्रत काढून झाली आहे, एवढं धरून चालते. शॉटच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा दोन टाळ्याही दिल्या असतील. शेवटची दिली नसेल तर पुढच्या वेळी द्या. ती का हवी ते खाली कळेलच.

१. सुरुवातीची टाळी जुळवा. हात एकमेकांना टेकले ती पहिली फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र), आणि वेव्हफॉर्ममधला, म्हणजे आवाजाच्या आलेखातला, उंच सुळका. सॉफ्टवेअरने वेव्हफॉर्मवरून आपोआप जुळवलं तरी चालेल.

२. काहीही कापण्याआधी शॉटच्या शेवटी जा, आणि मग मधल्या दोन-तीन ठिकाणी, आणि आवाज जुळतो का ते बघा.

हे शिकवणारे बहुतेक व्हिडिओ पहिल्या पायरीवरच ‘झालं सिंक!’ म्हणून टाळ्या पिटतात. दोन मिनिटांच्या शॉटला ते खरंही असतं. जात्यावरच्या ओव्यांचा माझा शॉट चाळीस मिनिटांचा होता. अंधारं माजघर, एक झरोका, आजी दळतायत आणि गातायत. सुरुवात चोख जुळली. दहाव्या मिनिटाला आवाज मागे पडल्यासारखा वाटला म्हणून पुढे ओढला. सोळाव्या मिनिटाला तो पुढे धावत होता. तीन रात्री मी दर दोन मिनिटांनी कापत आणि सरकवत बसले. ‘कापा आणि सरकवा’ हा सल्ला मला ज्यांनी दिला, त्यांनी कधी चाळीस मिनिटांचा शॉट हाताळला नसावा.

आधी सरकवायचं नाही, आधी मोजायचं. चूक कशी वाढते यावरून कारण कळतं.

सगळीकडे सारखाच फरक असेल तर तो नुसता जुळवणीचा दोष. एकदा सरकवा आणि विसरा. नाट्यगृहात मागे ठेवलेल्या मोबाइलचा आवाज वापरून आपोआप जुळवलं असेल तर हे हमखास होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात दर चौदा मीटरला एक फ्रेम उशीर. सॉफ्टवेअर रेकॉर्डरचा आवाज त्या उशिरा पोचलेल्या आवाजाशी जुळवतं, नटाच्या ओठांशी नाही.

फरक एकाच दिशेने, एकसारखा वाढत तासाला ३.६ सेकंदांवर पोचत असेल, तर कुठेतरी सेकंदाला २३.९७६ आणि २४ फ्रेम यांची गल्लत झाली आहे. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘२४’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ते २३.९७६ घेतात. टाइमलाइन (सॉफ्टवेअरमधली शॉट मांडायची पट्टी) आणि क्लिपचं सेटिंग दुरुस्त करा, आवाजाला हात लावू नका.

वाढ एकसारखीच, पण तासाभरात जेमतेम चार-पाच फ्रेम असेल, तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालतायत. स्वस्त रेकॉर्डरचं हे चालायचंच.

आणि फरक कधी पुढे, कधी मागे असेल, तर मोबाइलने फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलता ठेवला आहे. माझं दुखणं हेच होतं. झरोक्यावरून ढग गेला की मोबाइल सेकंदाला कमी फ्रेम घ्यायचा, ऊन आलं की पुन्हा तीस. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र सरासरी काढून सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर मांडत होतं. यात दगा असा की शेवटची टाळी नेमकी जुळू शकते आणि मधला सगळा भाग सुटलेला असतो. म्हणून मधे बघायचं.

३. बदलता फ्रेम रेट असेल तर क्लिप आधी बदलून घ्या. मीडियाइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसेल. मग हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट’ निवडा आणि आकडा मूळच्याच जवळचा ठेवा. तीसवर चित्रित केलेलं हौसेने पंचवीसवर आणू नका, हालचाल अडखळते. मूळ फाइल जपून ठेवा. माझ्या तीन रात्रींचं काम यानंतर तासाभरात उरकलं. पुढच्या शूटला मोबाइलमधलं आपोआप फ्रेम रेट बदलणारं सेटिंग बंद करा, किंवा फ्रेम रेट पक्का ठेवणारं ॲप वापरा. ब्लॅकमॅजिक कंपनीचं कॅमेरा ॲप फुकट आहे.

४. घड्याळांचा फरक उरला असेल तर आवाज कापा. स्पीड बदलून बसवा असं पुष्कळजण सांगतात. हिशेब करा: तीस फ्रेमने चाळीस मिनिटं म्हणजे ७२,००० फ्रेम. स्पीडच्या चौकटीत ०.०१ टक्का बदलला तरी सात फ्रेम हलतात. तुमची चूक चार फ्रेमची, आणि औषध सात फ्रेमचं! त्यापेक्षा जिथे फरक एक फ्रेमचा होतो तिथल्या शांततेत कापून एक फ्रेम सरकवा. ओव्यांत मी दोन ओव्यांच्या मधला श्वास पकडला. जात्याची घरघर मागे चालूच असते, तिच्यावर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढणं) दिला की सांधा कळत नाही.

५. तपासताना ओष्ठ्य अक्षरं बघा: प, फ, ब, भ, म. ‘बाप’, ‘भाऊ’, ‘माय’ यांनी ओव्या भरलेल्या असतात, ओठ मिटताना स्पष्ट दिसतात. ‘सासर’वर सिंक तपासून काही कळणार नाही. एका फ्रेमची शंका उरलीच तर आवाज मागे राहू द्या, पुढे नको. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवतो, उशिरा आला तर १२५ पर्यंत जाणवत नाही. लांबचा धोबी कपडा आपटतो तेव्हा आवाज मागूनच येतो, त्याची आपल्याला सवय आहे.

६. जुळलं की चित्र आणि आवाज लिंक करा. मगच कापाकापी.

आणि हे सगळं वायरच्या हेडफोनवर. ब्लूटूथमध्ये आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. एकदा मी अख्खा लघुपट ब्लूटूथवर ‘दुरुस्त’ केला होता आणि पडद्यावर प्रत्येक माणूस ओठ हलवायच्या आधीच बोलत होता.