लंगडणाऱ्या घोड्यासाठी ॲक्युपंक्चर: सुई टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर

घोडा लंगडू लागला, विश्रांती देऊन झाली, वेदनाशामके झाली, नालबंदाने खूर तासून नालही बदलून पाहिली आणि तरीही चाल पूर्ववत होत नाही, अशा टप्प्यावर बहुतेक मालकांच्या मनात ॲक्युपंक्चरचा विचार येतो. तो वावगा नाही. मात्र सुईने वेदना कमी होऊ शकते. फाटलेली कंडरा सुईने जोडली जात नाही, की खुरातला पू बाहेर पडत नाही. म्हणून हा उपचार निदानाच्या जागी नव्हे, तर निदान झाल्यानंतर आणि मूळ उपचारांच्या जोडीने करावा. या मार्गदर्शनातील पुढचे सगळे या एका अटीवर उभे आहे.

निदान आधी

पुढच्या पायाचे लंगडणे बहुतेक वेळा खुरातून सुरू झालेले असते, कारण उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. पशुवैद्यक खुराच्या चिमट्याने तळवा दाबून पाहतो, सांधे काही क्षण वाकवून धरून लगेच घोड्याला दुडकीने पळवतो आणि गरज पडल्यास एकेका मज्जातंतूला बधिर करून लंगडणे कोणत्या पातळीवर थांबते ते शोधतो. जागा निश्चित झाली की मगच एक्स-रे किंवा सोनोग्राफीला अर्थ येतो. हा क्रम वेळखाऊ आणि कधी कधी कंटाळवाणा असतो, पण तो टाळून थेट सुयांकडे जाणारा मालक बहुधा महिनाभराने पुन्हा याच तपासणीपाशी येऊन पोहोचतो.

काही लक्षणे दिसल्यास ॲक्युपंक्चरचा विचारही बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. घोडा पायावर भारच टाकत नसेल, सांध्याजवळ जखम असेल, ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला असेल, किंवा खूर गरम लागून खुराच्या वरच्या सांध्यामागील नाडी जोरात उडत असेल, तर तो तातडीचा प्रसंग आहे. शेवटची खूण लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतील थरांच्या दाहाची, असू शकते आणि त्यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. तळव्यात खिळा घुसला असेल तर तो ओढून काढण्याचा मोह आवरावा; तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला आहे हे एक्स-रेमध्ये दिसणे महत्त्वाचे असते, आणि तोवर खिळ्यावर भार पडणार नाही एवढीच व्यवस्था करावी. रात्री बरा असलेला घोडा सकाळी तीन पायांवर उभा दिसतो तेव्हा कारण बऱ्याचदा खुरात साचलेला पू असते. त्याला वाट करून दिली की एक-दोन दिवसांत चाल सुधारू लागते, तिथे सुयांचे काहीच काम नाही.

चालीची नोंद कशी ठेवावी

उपचार सुरू करण्यापूर्वी चालीची अशी नोंद हवी, की जिच्याशी नंतर तुलना करता येईल. मालकाची आशा ही फार वाईट मोजपट्टी आहे. पैसे आणि श्रम खर्च केल्यावर चाल सुधारल्यासारखी दिसतेच. त्यासाठी घोड्याला कठीण आणि सपाट जमिनीवर, सैल दोरीवर, आधी चालवत आणि मग दुडकीने नेऊन समोरून, मागून आणि बाजूने व्हिडिओ घ्यावा. त्यानंतर लांब दोरीवर दोन्ही दिशांना वर्तुळात फिरवून पुन्हा चित्रण करावे. पुढच्या प्रत्येक वेळी जमीन तीच, धरणारा मोतद्दार तोच आणि शक्यतो दिवसाची वेळही तीच असावी.

पाहायचे काय, तर पुढचा पाय दुखत असेल तेव्हा तो पाय जमिनीला टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली येते. सैल दोरीचा आग्रह याचसाठी आहे. दोरी आखडून धरली की ही हालचाल दाबली जाते. मागच्या पायात दोष असेल तर पाठीमागून पाहताना दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक वरखाली होताना दिसतो. पशुवैद्यक अनेकदा 0 ते 5 अशी श्रेणी वापरतात: 0 म्हणजे लंगडणे दिसत नाही, 3 म्हणजे सरळ रेषेत दुडकीने चालतानाही प्रत्येक वेळी दिसते, 4 म्हणजे साध्या चालीतही स्पष्ट दिसते आणि 5 म्हणजे पायावर जवळजवळ भारच पडत नाही. आपल्या वहीत पशुवैद्यकाने दिलेला हा आकडा तारखेसह लिहून ठेवावा. चित्रणाच्या दिवशी घोड्याला वेदनाशामक दिलेले असेल तर तेही लिहावे, नाहीतर पुढची सारी तुलना फसवी ठरते.

परंपरा काय मानते आणि अभ्यास काय सांगतात

चीनमध्ये घोड्यांवर सुयांचा उपचार शतकानुशतके होत आला आहे, आणि मिंग राजवटीत 1608 साली तिथे घोड्यांच्या चिकित्सेचा एक मोठा संग्रह सिद्ध झाला. या परंपरेनुसार शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा ठरावीक मार्गांनी वाहते आणि तिचा प्रवाह अडला की वेदना होते. परंपरेने शिकलेला चिकित्सक जिभेचा रंग पाहतो, मानेच्या तळाशी नाडी तपासतो, थंडीत लंगडणे वाढते की उष्णतेत, सुरुवातीला ताठर असलेली चाल थोडे चालल्यावर मोकळी होते का, असे प्रश्न विचारतो. ‘ची’वर विश्वास असो वा नसो, हे प्रश्न उपयोगी आहेत, कारण चालता चालता मोकळी होणारी ताठर चाल जुन्या सांधेदुखीची ओळख पटवायला मदत करते.

आधुनिक स्पष्टीकरण वेगळे आहे. सुईमुळे ऊतींमध्ये अडिनोसिन हे वेदना शमवणारे द्रव्य सुटते, बारीक मज्जातंतू उद्दीपित होतात आणि मज्जारज्जू व मेंदूत शरीराची स्वतःची वेदनाशामके, म्हणजे एंडॉर्फिन वर्गातील द्रव्ये, स्रवतात. सुयांना सौम्य विद्युत्प्रवाह जोडला की त्याला इलेक्ट्रोॲक्युपंक्चर म्हणतात आणि घोड्यांवरील बरेच अभ्यास याच प्रकाराचे आहेत.

या अभ्यासांचा निकाल मात्र एकसारखा नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट पाठदुखी असलेल्या 15 घोड्यांची वेगवेगळ्या गटांत तुलना केली गेली आणि इलेक्ट्रोॲक्युपंक्चरच्या तिसऱ्या बैठकीनंतर त्या गटातील घोड्यांची पाठदुखी कमी झालेली आढळली. याउलट 1989 साली जुनाट लॅमिनायटिस आणि नेव्हिक्युलर विकाराच्या (खुरातील मागच्या बाजूच्या छोट्या हाडाच्या दुखण्याच्या) जनावरांवर झालेल्या नियंत्रित चाचणीत उपचार केलेल्या आणि न केलेल्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. 2006 साली प्राण्यांवरील ॲक्युपंक्चरच्या एकूण चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा हा उपचार सुचवावा की नाकारावा हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला.

यातून माझे मत असे बनले आहे, की पाठ, कंबर आणि स्नायूंच्या आखडण्यातून येणाऱ्या तक्रारींसाठी हा प्रयोग करण्यासारखा आहे. खुराच्या आत बिघाड असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पण दोन्ही गोष्टी अनेकदा एकत्रच असतात. पुढचा पाय महिनोन्महिने वाचवत चालणाऱ्या घोड्याची मान आणि पाठ आखडते, आणि पाय बरा झाल्यावरही ते आखडणे उरते. म्हाताऱ्या घोड्याच्या सांधेदुखीत वेदनाशामकाची मात्रा कमी करता आली, तर तोही खरा लाभ मानावा, कारण ती औषधे दीर्घकाळ दिल्यास जठरात आणि मोठ्या आतड्यात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो.

चिकित्सक निवडताना

अनेक देशांत प्राण्यांना सुया टोचणे ही कायद्याने पशुवैद्यकाचीच कृती मानली जाते. कायदा काहीही असो, आधी पशुवैद्यक असलेली आणि नंतर ॲक्युपंक्चर शिकलेली व्यक्तीच निवडावी. 1974 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चर संस्था, म्हणजे आय.व्ही.ए.एस., अशा पशुवैद्यकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देते. चिकित्सकाला आधीचे एक्स-रे पाहायचे आहेत का, तुमच्या नेहमीच्या पशुवैद्यकाशी बोलायची त्याची तयारी आहे का आणि किती बैठकांनंतर तो उपचार थांबवेल, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या किंवा घोडा हमखास बरा करून देतो म्हणणाऱ्या माणसाला नम्रपणे निरोप द्यावा.

बैठकीच्या दिवशी

घोडा भरपेट खाऊन आलेला किंवा रपेटीवरून घामाघूम होऊन परतलेला नसावा. घोडी गाभण असल्यास ते आधीच सांगावे, कारण काही बिंदू गाभणपणात वर्ज्य मानले जातात. अंग कोरडे आणि खरारा केलेले असावे. चिखल, जखम किंवा त्वचारोग असलेल्या जागी सुई टोचत नाहीत. शांत करणारे इंजेक्शन शक्यतो टाळतात, कारण गुंगीत असलेला घोडा स्पर्शाला खरा प्रतिसाद देत नाही.

चिकित्सक सुईच्या टोपणासारखी बोथट वस्तू घेऊन मानेवरून आणि पाठकण्याच्या दोन्ही बाजूंनी हलका दाब देत जातो. दुखरा बिंदू आला की कातडीखालचा स्नायू थरथरतो, पाठ खाली दबते, कान मागे जातात किंवा शेपटी फटकारली जाते. हा प्रतिसाद पाहण्यासारखा असतो, पण त्याचा अर्थ लावताना घाई नको: पाठीवरचा तोच बिंदू मागच्या पायाच्या दुखण्यामुळे हळवा झालेला असू शकतो आणि नीट न बसणाऱ्या खोगिरामुळेही. म्हणून त्या दिवशी खोगीरही दाखवावे.

सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. त्या साधारण 20 ते 30 मिनिटे ठेवतात. पाठीवरच्या सुया घोडे सहसा सहज सोसतात. खूर आणि कातडी जिथे मिळतात त्या कडेवरचे बिंदू मात्र झोंबतात आणि तिथे शांत घोडाही पाय झटकू शकतो. घोडा धरणाऱ्याने चिकित्सक ज्या बाजूला असेल त्याच बाजूला उभे राहावे, म्हणजे घोडा बिथरला तर त्याचे डोके आपल्याकडे वळवून मागचा भाग चिकित्सकापासून दूर नेता येतो. उपचार मानवला तर मान हळूहळू खाली येते, खालचा ओठ सैल लोंबतो, घोडा जबडा चाळवतो आणि डोळे अर्धवट मिटतो.

किती सुया टोचल्या आणि किती काढल्या याची मोजणी मालकाने स्वतः करावी. घोड्याने अंग झटकले की सुया उडतात, आणि गवतात हरवलेली सुई नंतर तोंडात किंवा खुरात जाऊ शकते. वाळलेल्या वनस्पतीची वात पेटवून बिंदूंना शेक देण्याचा मॉक्सा हा प्रकार करायचा झाल्यास तो गवत आणि भुसा नसलेल्या मोकळ्या जागी, पाण्याची बादली जवळ ठेवूनच करावा. पागेत विस्तव नेणे कोणत्याही उपचारासाठी परवडणारे नाही.

वनौषधींबाबत

सुयांच्या जोडीने पौर्वात्य वनौषधींची पुडी बऱ्याचदा सुचवली जाते, आणि माझ्या मते जास्त सावधगिरी इथेच हवी. ‘नैसर्गिक’ असल्यामुळे निरुपद्रवी, हा समज घोड्याच्या बाबतीत धोक्याचा आहे. थंडीने वाढणाऱ्या दुखण्यावर चिनी परंपरेत बचनागाच्या जातीची मुळे शोधन करून वापरतात. शोधन अपुरे राहिले तर ते विष हृदयावर घाला घालते. सर्पगंधेतील रेसर्पिन घोड्याला दीर्घकाळ मंद ठेवते आणि स्पर्धांमध्ये ते निषिद्ध आहे. विलोच्या सालीतील सॅलिसिलेट वेदनाशामकांच्या जोडीने दिल्यास जठराचा धोका वाढवू शकते.

स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याच्या मालकाने तर प्रत्येक घटक तपासून घ्यावा. 2008 च्या ऑलिंपिकमधील घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या तेव्हा काही घोड्यांच्या चाचणीत कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतला तिखट घटक, सापडला आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. घटकांची पूर्ण यादी आणि प्रमाण वेष्टनावर नसेल तर ती पुडी घेऊ नये. घेतलीच, तर आधी पशुवैद्यकाला दाखवून आणि सुयांचा परिणाम दिसल्यानंतर, वेगळी सुरू करावी.

बैठकीनंतर

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घोड्याला काम देऊ नये. मोकळ्या जागेत सोडणे किंवा हाताने चालवणे पुरेसे आहे. काही घोडे दिवसभर सुस्त राहतात, काही दोन दिवस किंचित अधिक ताठर वाटतात आणि मग सैल होतात. दोन दिवसांनंतरही लंगडणे वाढलेलेच असेल किंवा टोचलेल्या जागी गरम सूज आली असेल तर पशुवैद्यकाला कळवावे.

या काळात दुसरा कोणताही बदल करू नये, हे पाळायला सर्वांत अवघड जाते. त्याच आठवड्यात नवी नाल, नवे खोगीर, नवी पुडी आणि सुया असे सगळे सुरू केले, तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही. शिवाय निव्वळ विश्रांतीनेही अनेक घोडे सुधारतात, याचा विसर पडू नये.

बैठका साधारण एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने ठेवतात. तीन-चार बैठकांनंतर पहिले आणि ताजे चित्रण शेजारी ठेवून पाहावे, आणि शक्य झाल्यास कोणते आधीचे हे न सांगता पशुवैद्यकाला दाखवून श्रेणी द्यायला सांगावी. फरक नसेल तर थांबावे. फरक असेल तर बैठकांमधले अंतर वाढवत न्यावे.

सुधारणा दिसते तेव्हाच खरी जोखीम सुरू होते. वेदना घोड्याला दुखऱ्या पायावर जास्त भार टाकू देत नाही. ती बोथट झाली की तो मोकळा पळू लागतो आणि अर्धवट भरलेली कंडरा पुन्हा फाटते. कंडरेची मोठी इजा भरून यायला नऊ महिने ते वर्षही लागू शकते, आणि चाल त्याच्या कितीतरी आधी चांगली दिसू लागते. त्यामुळे कंडरा किंवा अस्थिबंधाची इजा असलेल्या घोड्याचे काम वाढवायचे की नाही, हे सोनोग्राफी पाहून ठरवावे. चालवण्यापासून दुडकीपर्यंत आणि तिथून स्वार बसवण्यापर्यंतचे टप्पे पशुवैद्यकाने आखून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणेच घ्यावेत, आणि स्पर्धेच्या किंवा कठीण कामाच्या आदल्या दिवशी घोडा ‘सैल’ करून घेण्यासाठी सुया टोचून घेऊ नयेत.