मुक्काम चियांग माय, पासपोर्ट नाशिकचा

निवृत्तीनंतर आम्ही दोघं थायलंडात राहतो. तिथं राहण्याची मुदतवाढ वर्षाची मिळते, पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर फक्त त्या तारखेपर्यंतच. म्हणून दिवाळीला नाशिकला आलो तेव्हाच नूतनीकरण उरकलं. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज चालतो. पोलीस पडताळणीच्या वेळी गंगापूर रोडच्या घरीच होतो, ते बरं झालं. ६० पानी घेतला, ५०० रुपयेच जास्त. शिक्के भराभर साचतात हो!

निघण्याआधी तिथला री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढला होता, नाहीतर देश सोडताच मुदतवाढ रद्द. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळतो, तो जपा. परतल्यावर इमिग्रेशन ऑफिसात दोन्ही दाखवून शिक्के नव्यावर उतरवून घेतले. मुदतवाढीसाठी बँकेत ठेवलेल्या ८ लाख थाई बातना मात्र त्या अर्जाआधी २ महिने हात लावू नका.