क्लिनिकल ट्रायलमध्ये मॉनिटर आणि पीआयच्या मध्ये सापडलेल्या नव्या कोऑर्डिनेटरसाठी

जीसीपीचं (ट्रायल नीट चालवण्याच्या नियमांचं) सर्टिफिकेट तुमच्याकडे आहेच, म्हणून सोर्स (मूळ नोंदी) म्हणजे काय, क्वेरी (नोंदीवर काढलेली शंका) म्हणजे काय हे सांगत बसत नाही. साइटवर, म्हणजे ट्रायल चालते त्या दवाखान्यात, घाम फुटतो तो माणसांमुळे, आणि ट्रेनिंगमध्ये त्यावर अवाक्षर नसतं.

निरोप्या होऊ नका. मी यात पुरती भरडले गेले आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

होतं असं. मॉनिटर, म्हणजे स्पॉन्सरच्या (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीच्या) वतीनं नोंदी तपासणारी, फाइल चाळताना एका लॅब रिपोर्टवर थांबते. एएलटी (यकृताची एक रक्तचाचणी) वाढलेलं आहे, पण ते क्लिनिकली सिग्निफिकंट, म्हणजे पेशंटच्या दृष्टीनं दखल घेण्याजोगं, आहे की नाही हे पीआयनं, म्हणजे ट्रायलच्या प्रमुख डॉक्टरांनी, लिहिलेलं नाही, सहीही नाही. ती तुम्हाला म्हणते, "सरांना सांगा, हे चालणार नाही." तुम्ही ओपीडीच्या गर्दीत सरांना गाठता. सर उखडतात, "पेशंट मी बघतो की ती? आण इकडे, त्याच तारखेची सही करून टाकतो." की तुम्ही परत मॉनिटरकडे. तिनं साध्या सुरात म्हटलेलं "चालणार नाही" तुमच्या तोंडून सरांना उर्मट वाटतं, आणि सरांचा वैताग तिला अडवणूक वाटते. दोन-तीन फेऱ्यांत दोघंही तुमच्यावरच चिडलेले असतात आणि रिपोर्ट तसाच पडून.

यावर उपाय एकच: दोघांना समोरासमोर बसवा. मॉनिटरच्या व्हिजिटची तारीख ठरवतानाच पीआयचा शेवटचा अर्धा तास मागून घ्या. रिपोर्ट टेबलावर ठेवा आणि एवढंच विचारा, की आता यावर काय लिहायचं आणि कोणी. त्याच संध्याकाळी दोघांना एकच मेल टाका: पेशंटचा नंबर (नाव नव्हे), रिपोर्टची तारीख, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कोण नाराज झालं, कोण ऐकत नाही, असलं काही त्यात नको. उद्या तोच मेल ऑडिटर वाचेल.

मागच्या तारखेच्या सहीबाबत मात्र अजिबात नमतं घ्यायचं नाही. सही आज होतेय तर तारीख आजचीच. उशीर झाला तर तो दिसू दे. उशीर समजावून सांगता येतो, खोट्या तारखेचं काय सांगणार? "सगळे असंच करतात" म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांच्याकडून बाकीचं काम जरूर शिका. आणि प्रत्येक घोळावर नोट टू फाइल (खुलाशाची चिठ्ठी) चिकटवायची सवयही मला आवडत नाही. त्यानं फाइल जाड होते, घोळ तिथेच राहतो.

सहकाऱ्यांशी होणाऱ्या कुरबुरी बहुतेक डेलिगेशन लॉगवर, म्हणजे कोणतं काम कोणाकडे याच्या नोंदवहीवर, येऊन थांबतात. औषधाचा हिशेब कोणाचा, पेशंटची संमती (कन्सेंट) कोण घेणार? ज्याचं नाव त्या कामापुढे नाही त्यानं ते करायचं नाही. "मी करणार नाही" म्हटलं की भांडण होतं, "लॉगमध्ये माझं नाव नाही, आधी ट्रेनिंग आणि नोंद करूया" म्हटलं की होत नाही. कामं वाटली तरी जबाबदारी पीआयचीच राहते. जीसीपीच्या २०२५च्या नव्या आवृत्तीत, ई६ (आर३) मध्येही, ते बदललेलं नाही.

एसएईच्या, म्हणजे पेशंटला काही गंभीर त्रास झाल्याच्या, वेळी वाद बाजूला. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या लेखी आराखड्यात), कळल्यापासून २४ तासांत स्पॉन्सरला कळवायचं असतं. औषधाशी संबंध आहे की नाही यावर पीआय आणि स्पॉन्सरचं जमत नसेल तरी पहिला रिपोर्ट अडवू नका, बाकीचं फॉलो-अपमध्ये जाईल. दोघांपैकी एकाला जरी संबंधाची वाजवी शंका असली, तरी आयसीएच ई२ए या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ती औषधाचीच प्रतिक्रिया धरली जाते. म्हणजे तिथे कोणी जिंकायचा प्रश्नच नाही.

एवढं वाचून घाबरू नका. क्वेरी म्हणजे तुमच्यावरचा आरोप नव्हे, आणि रागावणारे पीआयही कागद समोर असला की बहुधा निवळतात. नाहीच निवळले, तर साइटच्या प्रमुखांकडे लेखी जा. प्रश्न पेशंटच्या सुरक्षिततेचा असेल, तर एथिक्स कमिटीचं (पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचं) दार तुमच्यासाठीही उघडं असतं. तिथे जाताना मात्र सोबत तारखा आणि कागद न्या, तक्रारीचा सूर घरी ठेवा.