केमिस्ट्रीवाल्यांसाठी आकाशाची वाट: पुण्यातून आंतरतारकीय रसायनाकडे

"बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, आता ॲस्ट्रोकडे वळता येईल का?" ज्युनिअर मुलं हमखास विचारतात. येतं की! मी तेच केलं. फक्त प्रयोगशाळेतल्या काही सवयी मोडाव्या लागतात.

पहिली सवय तापमानाची. रिॲक्शनचा वेग तापमानाशी जोडणारं अऱ्हेनियसचं सूत्र घ्या, सक्रियण ऊर्जा (रिॲक्शन सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा) 10 किलोजूल प्रति मोल धरा, म्हणजे किरकोळच. 300 केल्व्हिनला घातांकी पद साधारण 0.02 येतं. आता 10 केल्व्हिन घाला. ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या दाट आण्विक ढगांत एवढीच ऊब असते. कॅल्क्युलेटर 10 च्या उणे 52 व्या घाताजवळ जातो. रिॲक्शन बंद! तरीही 1969 मध्ये तिथे फॉर्माल्डिहाइड सापडलं, 1970 मध्ये मिथेनॉल, आणि आज अशा रेणूंची यादी तीनशेच्या पुढे गेली आहे.

वायूत हे जमतं ते आयनांमुळे. वैश्विक किरण हायड्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतात, त्यातून एच-थ्री-प्लस (तीन हायड्रोजनचा धन आयन) तयार होतो आणि समोर येईल त्याला प्रोटॉन देत सुटतो. अशा बऱ्याच रिॲक्शनना सक्रियण ऊर्जेचा अडथळाच नसतो. मिथेनॉल मात्र वायूत पुरेसं बनत नाही. ते बनतं धूलिकणांवरच्या बर्फात: गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटतात, वाटेत फॉर्माल्डिहाइड, शेवटी मिथेनॉल. पहिल्याच पायरीला अडथळा आहे, पण हायड्रोजन हलका, तो टनेलिंगने, म्हणजे अडथळा न चढता आरपार, पलीकडे जातो. एम.एस्सी.ला टनेलिंग मी परीक्षेपुरतं वाचलं होतं; आता त्यावरच पोट आहे. बर्फावरचे असे प्रयोग अहमदाबादच्या पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) या संस्थेत होतात, अर्ज करताना तेही नाव डोक्यात ठेवा.

पुण्यात एक गैरसमज फार. जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटरच्या 30 अँटेना आहेत, म्हणजे रेणू घरबसल्या सापडतील! पण ती दुर्बीण साधारण 1450 मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते. हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटर रेषेला उत्तम, पण बहुतेक रेणूंच्या रेषा (ज्या ठरावीक वारंवारतांवरून रेणू ओळखतात त्या) कितीतरी वर, मिलिमीटर पट्ट्यात. त्यासाठी चिलीतल्या अल्मा या मिलिमीटर दुर्बिणीचा खुला डेटा पुण्यात बसून उतरवायचा आणि रेषा जर्मनीतल्या कोलोनच्या सीडीएमएस या रेणूंच्या रेषांच्या यादीशी ताडून बघायच्या. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आलीच पाहिजे, पळवाट नाही.

पीएच.डी.साठीच्या जेस्ट आणि नेट परीक्षांची तयारी सगळेच सांगतील. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहेत, तिथली व्याख्यानं चुकवू नका. माझं म्हणणं, त्याआधी परिभ्रमण वर्णपटशास्त्र (रेणूंच्या फिरण्यातून येणाऱ्या रेषांचा अभ्यास) पक्कं करा. कार्बन मोनॉक्साइडची बंधलांबी 1.128 अँगस्ट्रॉम घेऊन पहिली रेषा स्वतः काढा. उत्तर जवळपास 115.9 गिगाहर्ट्झ येईल, मोजलेली रेषा आहे 115.27. हा फरक का पडतो ते शोधून काढा, आणि समर प्रोजेक्टसाठी मेल लिहाल तेव्हा "लहानपणापासून ताऱ्यांचं वेड" वगैरे गाळून हेच गणित जोडा.