आमच्या दिंडोरीची रोजची रेड वाईन

शिराझ या काळ्या द्राक्षांची तोडणी आम्ही घरचे मिळून फेब्रुवारीत, ऊन चढायच्या आत उरकतो. गोडी २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दाखवली तरी बाबा दाणा चावून बघतात. बी तपकिरी, कुरकुरीत हवी. हिरवी असेल तर थांबा. देठ काढून द्राक्षं सालीसकट टाकीत घाला, रंग सालीतच असतो. यीस्ट लागलं की साली वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून ३ वेळा दाबून रसात बुडवायचाच. एकदा रात्रीची पाळी चुकली आणि सकाळी टाकीला व्हिनेगरचा वास! तापमान २८ अंशांपुढे जाऊ देऊ नका. ८-१० दिवसांनी गाळून स्टीलच्या टाकीत मुरवतो. मुरवायची ओक लाकडाची पिंपं फार महाग, ती टाळली म्हणूनच बाटली परवडते. उन्हाळ्यात प्यायच्या आधी २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.